भेग पडते, तडा जातो

काल दुपारी आप्पांचा फोन आला. माझ्या वडलांना फोनवर बोलणं म्हणजे शिक्षा वाटते, त्यामुळे ख्यालीखुशाली वगैरे भानगड नाही, एकदम मुद्दा. "वरंब्यास्नी भेगा पडाय लागल्यात," एवढंच म्हणाले. मी हैद्राबादच्या ऑफिसात, सहाव्या मजल्यावर, अंगावर शाल ओढून एसीखाली बसलेली. पण त्या एका वाक्यानं नाकात बेळगुंदीची तांबडी माती शिरली. पावसानं काढता पाय घेतल्यावरची, वरून सुकलेली आणि बोट खुपसलं तर आत अजून गार लागणारी.

बेळगावच्या पश्चिमेला डोंगराकडं तोंड करून आमचं गाव आहे, आणि ते रताळ्याचं गाव आहे. नवरात्राच्या उपासाला लोक जी रताळी खातात ती आमच्याकडचीच, असं आम्ही छाती फुगवून सांगतो. खरं किती ते बाजारवाल्यांना ठाऊक. गणपती गेले की वरंब्यावरचे, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या मातीच्या उंचवट्यावरचे, वेल जरा मलूल होतात, आणि खाली रताळी फुगायला लागली की मातीला जागा पुरत नाही. मग वरंबा वरून उलतो. नवख्या माणसाला वाटतं, अरेरे, पाणी कमी पडलं. आमच्याकडं मात्र भेग बघून माणूस खूश होतो. आप्पा हात पाठीमागं बांधून सरीतून चालत जातात, भेगा बघतात आणि सांगतात, हितं तीन हायत, हितं एकच हाय पण दांडगं हाय. उकरून बघितलं तर बहुतेक तसंच निघतं. चुकलं तर म्हणतात, उंदरानं खाल्लं.

माझा धंदाही भेगांचाच, फक्त फार खोलवरचा. दूर वाळवंटात, जमिनीखाली तीन किलोमीटरवर एक कातळ आहे. त्याच्या बारीक बारीक छिद्रांत गॅस कोंडलाय, पण कातळ इतका घट्ट की गॅसला बाहेर यायला वाट नाही. मग विहिरीतून प्रचंड दाबानं पाणी आणि वाळू आत सोडतात. पाण्यानं कातळाला भेगा पडतात, आणि दाब काढल्यावर त्या पुन्हा मिटू नयेत म्हणून वाळू त्यांत अडकून राहते. प्रत्येक भेग पडताना एक हादरा बसतो, पण इतका बारीक की वर उभ्या असलेल्या माणसाच्या कपातला चहासुद्धा हलत नाही. शेजारच्या जुन्या विहिरीत यंत्रांची माळ सोडलेली असते, ती हा हादरा ऐकते आणि तो माझ्या पडद्यावर रेघ होऊन उमटतो. त्यातला पंपाचा गोंगाट कुठला, ट्रकचा कुठला आणि कातळाचा कुठला हे ओळखायचं, भेग जिथं पडली तिथं ठिपका ठेवायचा, आणि ठिपके नको त्या बाजूला सरकायला लागले की फोन उचलून सांगायचं, थांबवा. बारा वर्षं मी हे करतेय.

एका हादऱ्याच्या दोन लाटा येतात, एक चपळ आणि एक रेंगाळणारी. दोघींच्या मध्ये किती वेळ गेला ते मोजलं की भेग किती अंतरावर पडली ते कळतं. ही विद्या मी कॉलेजात शिकले असं सर्टिफिकेट सांगतं, पण खरं तर ती मला आईनं शिकवली. आप्पा शेतातून येताना वळणावर आधी खोकला येई आणि मग दारात चपला वाजत. खोकल्यावर आई चुलीवर आधण ठेवी आणि चपला वाजेपर्यंत चहा गाळलेला असे. माणूस दमला असेल तर मधला वेळ वाढायचा, मग ती चहात आलं जास्त घालायची.

एकदा सुट्टीत घरी गेले असताना मी हे माझं काम सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. आप्पांनी मान डोलावून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गावभर करून टाकलं, की आमची सुजा कॉम्प्युटरवर जमिनीतलं पाणी बघती. झालं! तिसऱ्या दिवशी शेजारचे मारुतीकाका नारळ घेऊन दारात हजर. "बोअर कुठं मारू सांग की गं पोरी. नारळ हातावर धरून बघतीस का तुझं मशीन लावतीस?" मी कपाळाला हात लावला. मी पाणाड्या नाही, मला पाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे सांगून सांगून थकले, तरी काका हलेनात. शेवटी आक्का, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, जिला सगळं घरच आक्का म्हणतं, ती उंबऱ्यातून म्हणाली, "तीन किलोमीटर खालचं कळतंय आणि दोनशे फुटावरचं कळत न्हाय? कसलं म्हणायचं हे शिक्षाण!" आई हसून हसून पदर तोंडात कोंबून आत पळाली. तो नारळ आम्ही संध्याकाळी फोडला आणि रताळ्याच्या खिसात घातला.

त्यानंतरच्याच वर्षी आई गेली. तिला दवाखान्यात नेल्याचा आप्पांचा फोन दुपारी दोनला आला होता. "आईला बरं न्हाय. ये." दोन वाक्यं. वाळवंटात नुकताच पाणी सोडायचा एक टप्पा सुरू झाला होता, पंप चालू होते, इथं माझ्या पडद्यावर ठिपके यायला लागले होते. मी म्हणाले, "हा टप्पा संपला की निघते हं, आप्पा." टप्पा चार तास चालला. दुपारची गाडी चुकली, रात्रीची मिळाली. सकाळी नवाला मी बेळगावात उतरले. आई पहाटे पाचला गेली होती.

या चार तासांचा हिशोब मी किती वेळा केला असेल, सांगत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक शिकलेला, हुशार सहकारी बसलेला होता. त्याला म्हटलं असतं, बाबा रे, तू सांभाळ, मला जायचंय, तर त्यानं एका शब्दानं विचारलं नसतं. मी म्हटलंच नाही. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

आमच्या बाजूच्या बोलण्यातली एक गंमत इथंच सांगते. आमच्याकडं बायकासुद्धा स्वतःविषयी बोलताना 'आलो, गेलो, जेवलो' असंच म्हणतात. आई म्हणायची, "मी बाजारला गेलतो." मीही लहानपणी तसंच बोलायची. कॉलेजात पुण्याच्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या तेव्हापासून मी 'आले, गेले' शिकले, आणि आता तर लिहितानाही हात तसाच वळतो. गावच्या एसटीत बसलं की मात्र जिभेचं कुलूप निघतं. त्या दुपारी आप्पांना मी 'निघते हं' म्हणाले होते, ऑफिसातल्या आवाजात. ते 'निघते' आक्कानं पुढं कित्येक दिवस घोळवलं. "निघते म्हणं! निघते!"

दिवसकार्य झालं आणि आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. म्हणजे भांडण नाही, आदळआपट नाही, फक्त थेट बोलणं नाही. काही सांगायचं झालं की आक्काला सांगत. मी समोर पाटावर बसलेली, आणि हे म्हणणार, "आक्का, तिला भाकरी पायजे का इचार." आक्का मला विचारणार, मी आक्काला सांगणार, आक्का आप्पांना. एका भाकरीला तीन कचेऱ्या फिराव्या लागत. आणि आक्का देवळात गेलेली असली की काम चंद्रीकडं जाई.

चंद्री म्हणजे आमची म्हैस. निपाणीकडून आणलेली, कानडी घरात वाढलेली, त्यामुळे तिला हाक मारायची ती कानडीत. आप्पा गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणायचे, "केळ गं चंद्री." कानडीत केळ म्हणजे ऐक. "केळ गं चंद्री, गरम पाणी तापलंय म्हणावं. आंघोळ करून घ्या म्हणावं." चंद्री कान हलवायची आणि मी टॉवेल घ्यायला उठायची. हसू यायचं आणि त्याच दमात रडूही यायचं. दोन वर्षं मी सुट्टीला जायची, चार दिवस म्हशीच्या मध्यस्थीनं राहायची आणि परत यायची. आप्पा आपल्याशी पुन्हा कधी बोलतील का, याची मला मनापासून भीती वाटायला लागली होती.

म्हणून गेल्या वर्षी रताळ्याच्या हंगामात मी ठरवलं, की पूर्ण दीड महिना गावात राहायचं आणि तिथूनच काम करायचं. माळ्यावरच्या खोलीत टेबल टाकलं, इंटरनेटची तार घेतली, दोन पडदे मांडले. खिडकीतून आमचं शेत दिसायचं. पडद्यावर तीन किलोमीटर खालच्या भेगा, खिडकीत वीतभर खालच्या. पंप बंद असले की मी पळत शेतात जायची. वेल कापून झालेले असायचे, त्यांचे भारे चंद्रीपुढं पडायचे आणि ती जणू तिचंच लग्न असल्यासारखी खात सुटायची. उकरलेल्या मातीचा वास, बोटांना चिकटणारा रताळ्याचा पांढरा चीक, बांधावर आक्कानं राखेत भाजलेलं एखादं वाकडंतिकडं रताळं, सोलताना पोळणारं. आई असती तर त्यातलं चांगलं माझ्या हातात कोंबून करपलेलं स्वतः खाल्लं असतं. तिची आठवण मला देवघरात येत नाही, ती अशी करपलेल्या सालीत येते.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. वरंब्यावर छान रुंद भेग दिसली, मी कुदळ उचलली आणि बरोबर भेगेवर हाणली. आतून कचकन आवाज आला. रताळ्याचे दोन तुकडे. आप्पा चार सऱ्या पलीकडं होते, पण त्यांना तो आवाज ऐकू गेला. चंद्री बांधावर बांधलेली होती. तिच्याकडं बघून ते म्हणाले, "केळ गं चंद्री. भेग दिसली म्हणून भेगंवरच घाव घालायचा नसतोय. कडंनं उकरायचं. हळू. माती आपणहून सोडती."

मी खाली बसले आणि कडेनं उकरायला लागले. मनात म्हटलं, दोन वर्षं मी हेच चुकतेय. दर सुट्टीत गेल्या गेल्या मी आप्पांपुढं उभी राहायची आणि म्हणायची, आप्पा, माझं चुकलं, बोला की माझ्याशी. ते उठून गोठ्यात जायचे. भेगेवरच कुदळ.

मग मी नाद सोडला. नुसती शेजारच्या सरीत बसून उकरायची. काही दिवसांनी मीही चंद्रीशी बोलायला लागले. "केळ गं चंद्री, आप्पांना इचार, भेग आणि तडा एकच का?" आप्पांनी पाटी भरली, रिकामी करून आले, बसले. मग चंद्रीला म्हणाले, "कसं एक आसंल? बोलताना काय म्हणतोय आपण? भेग पडती. तडा जातो. पडलेलं पाऊस आला की भरून येतंय. गेलेलं न्हाय येत."

इतकी वर्षं मी भेगांवर पगार घेतेय, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पडते आणि जातो. आमच्यात नक्की काय झालंय, पडलंय की गेलंय, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं. पण कुदळ आठवली आणि मी कडेनं उकरत राहिले. त्या संध्याकाळी मला दुसरीच गोष्ट डाचत राहिली. भेग आपोआप मिटलीही असती, पण ती मिटू नये म्हणून वाळू घालणारेही आम्हीच होतो. आप्पा गप्प राहून घालत होते, आणि मी ती सहकाऱ्याची गोष्ट पोटात ठेवून घालत होते.

नवरात्र तोंडावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. टप्पा जोरात चालू होता. जिन्यात खोकला आला, मग पायऱ्या वाजल्या. मधला वेळ फार होता. आप्पा दारात उभे. त्या खोलीत ते प्रथमच आले होते, हातात चहाचा पेला. आक्का देवळात आणि चंद्री खाली, त्यामुळे सांगावा द्यायला कुणीच नव्हतं. पेला टेबलावर ठेवून ते तसेच उभे राहिले. मी स्टूल सरकवला आणि हेडफोन पुढं केला. हे हादरे तसे कानाला ऐकू येत नाहीत, पण रेकॉर्डिंग खूप वेगानं वाजवलं की ऐकू येतात. आप्पांनी हेडफोन दोन्ही हातांनी धरला, टोपीवरूनच लावला आणि डोळे मिटले. टक्. मग बराच वेळ नुसती घरघर. टक् टक्. त्यांच्या भुवया वर गेल्या. कच्ची वांगी चुलीत भाजताना सालं फुटतात तसा आवाज असतो तो, विशेष काही नाही.

तेवढ्यात पडद्यावरचे ठिपके, जे एका पुंजक्यात पसरत होते, ते एका रेषेत जायला लागले. उत्तरेकडं एक जुनी फट आहे, कातळ मुळातच सरकलेला, तिथं पाणी घुसू द्यायचं नसतं, नाहीतर तो पुन्हा सरकून मोठा हादरा बसू शकतो. चौथा ठिपका त्याच रेषेत आला. पाचवा आला. मी फोन उचलला आणि सांगितलं, रोक दीजिए. पलीकडून एकदा विचारणा झाली, मी पुन्हा तेच सांगितलं. मिनिटाभरात दाबाची रेघ खाली आली आणि पडदा शांत झाला. 

आप्पांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता. ते पडद्याकडं बघत होते.

"एका फोननं थांबलं?" त्यांनी विचारलं.

मी इकडंतिकडं बघितलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "व्हय," मी म्हटलं.

"मग त्या दिवशी?"

मला सांगता आलं असतं, की त्या दिवशीचं वेगळं होतं, असं कारणाशिवाय थांबवता येत नाही. ते खरंही होतं. पण मी म्हटलं, "त्या दिवशी थांबवायची गरज न्हवती, आप्पा. शेजारी दुसरा माणूस बसलेला. त्याला नुसतं बस म्हणायचं होतं. मी म्हटलो न्हाय. माझ्याबिगर चालत न्हाय असं वाटलं मला. आणि आई काय, थांबंल, असं वाटलं."

"थांबायची सवयच हुती तिला," आप्पा म्हणाले. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली चंद्री दावं ओढत होती. "सारखी इचारत हुती. सुजा निघाली का, सुजा निघाली का. मी म्हटलं, निघाली. तवाच निघाली म्हटलं. रात्री पुन्ना इचारलं तर म्हटलं, निपाणीपातूर आली. चाळीस वर्षांत तिच्याशी एक शब्द खोटं बोललो न्हवतो, सुजे. त्या दिवशी बोललो. तुझ्यापायी."

दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं.

"यायला पायजे हुतंस," ते म्हणाले.

"व्हय, आप्पा. यायला पायजे हुतं."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, टेबलावर डोकं ठेवून. विश्वास बसणार नाही, पण त्यात निम्म्याहून जास्त आनंद होता. सगळे मला म्हणत होते, जाऊ दे गं, तुझा काय दोष, नशीब एकेकाचं. आप्पांनी तसं म्हटलं नाही. ते माझ्या तोंडावर मला रागावले, आणि बापानं असं थेट रागवावं म्हणून मी दोन वर्षं तहानलेली होते. त्यांनी डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही, ते त्यांना येतच नाही. चहाचा पेला माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "निवला. पी." चहात आलं जास्त झालं होतं.

त्यानंतर सगळं गोडगोड झालं असं नाही. सवय मोडायला वेळ लागला. मधूनच ते 'केळ गं' म्हणून सुरुवात करत, मग माझ्याकडं बघून ओशाळत. आक्का म्हणाली, "बरं झालं बाई, माझी शिपायाची नोकरी सुटली." आईवरून आम्ही पुन्हा बोललो नाही. पण शेवटची पाटी निघाली त्या दिवशी आप्पांनी रिकाम्या वरंब्यावर टाच दाबली, आणि भेग होती तिथली माती खाली बसली, तेवढं मी बघून ठेवलं.

आणि काल हा फोन. वरंब्यास्नी भेगा पडाय लागल्यात.

माझ्या पडद्यावर टप्पा चालू होता. ठिपके शहाण्यासारखे एका पुंजक्यात येत होते. मी फोन खांद्यानं कानाशी धरला आणि शेजारच्या खुर्चीकडं वळून म्हटलं, तू बघशील का रे हे, मला घरी जायचंय. तो खुर्ची सरकवत म्हणाला, बघतो की. एवढंच. एवढंच होतं ते.

"आयकायलीस न्हवं?" फोनवर आप्पा. "कवा येणार म्हणून इचारतोय. कोण न्हाय, मीच इचारतोय."

"चंद्रीला सांगू का कवा ते?" मी चेष्टेनं म्हटलं.

"तिला मी सांगून ठेवलंय," आप्पा म्हणाले. "सुजा निघाली म्हणून."

मी फोनच्या चार्जरची वायर काढली, शाल पिशवीत कोंबली आणि उभी राहिले. दुपारची गाडी मिळण्यासारखी होती.

"निघालो, आप्पा."